रूपांतरकाराचें ऋण

विद्येच्या व्यवहारांत चोरी कोणती आणि वारसा कोणता, हा प्रश्न जुना आहे. परंतु प्रत्येक पिढीला तो नव्या वेषांत येऊन भेटतो. आमच्या पिढीला तो नाटकाच्या आणि कथेच्या रूपानें भेटला. हल्लींच्या तरुणांना तो संगणकाच्या आज्ञावलीच्या रूपानें भेटत आहे. वेष बदलल्यामुळें प्रश्नच नवा आहे असें पुष्कळांस वाटतें, आणि त्याचें उत्तर कायदेपंडितांनीं द्यावें म्हणून तो त्यांच्या स्वाधीन करण्यांत येतो. कायदेपंडितांचें उत्तर जेथें संपतें तेथून पुढें खरा प्रश्न सुरू होतो, एवढें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

गेल्या नोव्हेंबरच्या ५ तारखेस मी साताऱ्याहून सांगलीस गेलों होतों. ह्याच तारखेस १८४३ सालीं विष्णुदास भाव्यांनीं सांगलींत ‘सीतास्वयंवर’ नाटकाचा प्रयोग केला, म्हणून हा दिवस मराठी रंगभूमीचा दिवस मानला जातो, आणि सांगलीकर तो विशेष अगत्यानें पाळतात. समारंभ आटोपून रात्रीं बहिणीच्या घरीं जेवावयास बसलों असतां माझा भाचा मला म्हणाला, “मामा, तुम्हांला एक विचारायचं आहे. गोष्ट संगणकाची आहे, पण प्रश्न भाषांतराचाच आहे.” हा मुलगा तेथील एका अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाला आहे. मी जन्मभर शाळेंत मराठी शिकविलें. संगणकाशीं माझा संबंध पत्रें लिहिण्यापुरता. तरीहि भाषांतर हा शब्द ऐकून मी कान टवकारले.

त्याची हकीकत थोडक्यांत अशी. आज्ञावली लिहिणारे लोक प्रत्येक काम मुळापासून स्वतः करीत नाहींत. वारंवार लागणारीं कामें कोणीतरी एकदां नीट करून ठेवतो, आणि त्या तयार संग्रहाला ते ‘लायब्ररी’ म्हणतात. अशी एक लायब्ररी एका परदेशी गृहस्थानें आणि त्याच्या पंधरावीस साहाय्यकांनीं कित्येक वर्षें खपून सी नांवाच्या भाषेंत लिहिली होती. भाच्यानें ती रस्ट नांवाच्या नव्या भाषेंत आणली. त्यांच्या परिभाषेंत ह्याला ‘पोर्टिंग’ म्हणतात. आपण रूपांतर म्हणूं. मूळ लायब्ररी ‘जीपीएल’ नांवाच्या परवान्याखालीं जगाला मोकळी करून दिलेली आहे. अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८९ सालीं प्रथम प्रसिद्ध केलेल्या ह्या परवान्याचें सार असें कीं, वस्तु वापरा, उघडून पाहा, बदला, वाटा. परंतु बदललेली प्रत ज्याला द्याल त्याला तिचा मूळ मसुदाहि द्या, आणि जी मोकळीक तुम्हांस मिळाली तीच त्यालाहि द्या.

भाच्याला आपलें रूपांतर ह्या अटीखालीं नव्हे, तर ‘एमआयटी’ नांवाच्या सैल परवान्याखालीं प्रसिद्ध करावयाचें होतें. त्या परवान्यांत लेखकाच्या हक्काची सूचना आणि परवान्याचा मजकूर कायम ठेवला म्हणजे झालें. पुढें कोणी ती वस्तु आपल्या मालांत मिसळून, मसुदा कुलुपांत ठेवून विकली, तरी हरकत नसते. त्याला असें करावेंसें वाटण्याचें कारणहि क्षुल्लक नव्हतें. एका कंपनीनें त्याचें काम पाहून त्याला नोकरीविषयीं विचारलें होतें. मात्र जीपीएल असेल तर ही वस्तु आम्हांस चालणार नाहीं, परवाना बदलल्यास पुढें बोलूं, असें तिनें कळविलें होतें.

“मामा, मूळची एकही ओळ माझ्या कामांत नाही,” तो म्हणाला. “सगळी अक्षरं माझी आहेत. दोन महिने रात्री जागून केलं आहे. मग माझ्या लिखाणावर दुसऱ्याची अट कशी?” त्याच्या आईनें ताटांत भाकरी वाढतां वाढतां पुस्ती जोडली, “आणि फुकट दिलेल्या वस्तूवर अट तरी कसली घालायची?”

मी त्या रात्रीं उत्तर दिलें नाहीं. “सगळी अक्षरं माझी आहेत” हें वाक्य मला नवें नव्हतें. तें मी पूर्वीं कोठें ऐकलें होतें तें यथावकाश सांगेन.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत १९८४ च्या दुरुस्तीनें संगणकाच्या आज्ञावलीला वाङ्मयकृतींत स्थान मिळालें, आणि वाङ्मयकृतीच्या भाषांतराचा व रूपांतराचा हक्क कायद्यानें मूळ कर्त्याकडे ठेवला आहे. खुद्द जीपीएलच्या १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तींतील पहिल्याच कलमांत दुसऱ्या भाषेंत केलेलें भाषांतर हाहि फेरफारच समजावा असें स्पष्ट केलें आहे. त्या कलमाचा क्रमांक शून्य आहे, कारण आज्ञावलीकारांची मोजणी पुष्कळदां शून्यापासून सुरू होते! तेव्हां ओळीमागून ओळ लावून केलेलें रूपांतर मूळच्या अटींतून सुटत नाहीं, हें कायद्याच्या दृष्टीनें बरेंच स्पष्ट आहे. ह्या क्षेत्रांत जुना पायंडाहि तोच दिसतो. एखादा मजकूर कोणत्या लिपिसंकेतांत लिहिलेला आहे हें ओळखणारी एक यंत्रणा मोझिलाच्या ब्राउझरांत होती. मार्क पिल्ग्रिम यांनीं ती पायथन भाषेंत आणून ‘चारडेट’ नांवानें प्रसिद्ध केली, ती एलजीपीएल ह्या जीपीएलच्याच धाकट्या भावंडाच्या परवान्याखालीं.

परंतु कायद्याला दुसरी बाजूहि आहे. कल्पनेवर कोणाचाच हक्क नसतो. हक्क असतो तो कल्पनेच्या विशिष्ट मांडणीवर. १९७८ सालीं आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढें आर. जी. आनंद यांचें ‘हम हिंदुस्तानी’ हें नाटक आणि ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट यांचा वाद आला. न्यायालयानें कसोटी सांगितली ती अशी कीं, दोन्ही कृति पाहणाऱ्याच्या मनावर, दुसरी पहिलीची नक्कल आहे, असा निःसंदिग्ध ठसा उमटतो काय. आणि ह्या कसोटीवर चित्रपट निर्दोष ठरला. अमेरिकेंत ओरॅकल व गूगल यांचा वाद दहाबारा वर्षें चालला. गूगलनें जावा भाषेंतील सुमारें ११,५०० ओळी उतरून घेतल्या होत्या. त्या होत्या आज्ञावलीकारांना परिचित असलेल्या आज्ञांच्या घोषणा, आणि त्यांच्या पोटांतील काम गूगलनें स्वतः लिहिलें होतें. २०२१ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध दोन मतांनीं हा वापर न्याय्य ठरविला. म्हणजे बाहेरचा आकार तोच ठेवून आंतील सर्व काम स्वतः करणें ही एक गोष्ट, आणि आंतील कामच दुसऱ्या भाषेंत उतरविणें ही दुसरी.

ह्या दोन गोष्टींतील भेद समजण्यासाठीं सांगलीकराला अमेरिकेस जाण्याचें कारण नाहीं. तो त्याच्या घरींच आहे.

भाव्यांच्या पहिल्या प्रयोगाच्या थोडें आधीं कर्नाटकांतील भागवत मंडळी सांगलीस येऊन खेळ करून गेली होती. तो खेळ पाहून संस्थानाधिपति चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांना वाटलें कीं असें कांहीं मराठींत व्हावें, आणि त्यांनीं तें काम आपल्या पदरच्या विष्णुदासांवर सोंपविलें. विष्णुदासांनीं त्या खेळाचा घाट घेतला. परंतु कथा घेतली ती सर्वांच्या मालकीच्या रामायणांतून, पदें रचलीं तीं स्वतः, आणि प्रयोग बसविला तो आपल्या रीतीनें सुधारून. कानडी खेळांतील एखादें पद त्यांनीं मराठींत उतरवून आपल्या नांवावर खपविलें, असा आरोप त्यांच्यावर कोणी करीत नाहीं. घाट पाहिला, घडा स्वतः घडविला.

दुसरे सांगलीकर गोविंद बल्लाळ देवल. ह्यांचा जन्म १८५५ सालचा, सांगलीजवळच्या हरिपूरचा, जेथें कृष्णा आणि वारणा एकमेकींस मिळतात. ‘शारदा’ हें त्यांचें स्वतंत्र नाटक सर्वविश्रुत आहे. पण त्यांच्या इतर बहुतेक नाटकांस मूळ आहे. ‘झुंझारराव’ हें शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चें रूपांतर. ‘संशयकल्लोळ’ तर रूपांतराचें रूपांतर आहे: मोलिएरनें १६६० सालीं पॅरिसमध्यें जो प्रहसनाचा डाव मांडला तो आर्थर मर्फीनें १७६१ सालीं लंडनांत ‘ऑल इन द राँग’ ह्या नाटकांत वापरला, त्यावरून देवलांनीं १८९३ सालीं ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हें गद्य नाटक केलें, आणि १९१६ सालीं तेंच ‘संगीत संशयकल्लोळ’ होऊन गंधर्व नाटक मंडळीनें रंगभूमीवर आणलें. फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेट, रेवती, भादव्या, हीं महिन्यांचीं आणि नक्षत्रांचीं नांवें देवलांचीं. ती खुसखुशीत मराठी बोली देवलांची. त्यांतील एक अक्षरहि मर्फीचें नाहीं. तथापि तसबीर कोणाच्या हातून कोणाच्या हातीं जावी, नवऱ्याला संशय केव्हां यावा, आणि बायकोला नेमक्या त्याच वेळीं उलट संशय यावा म्हणून तिनें कोठें उभें राहावें, ह्या घोटाळ्याचें गणित देवलांना तयार मिळालें. प्रेक्षक हसतो तो देवलांच्या शब्दांना, पण हसण्याची वेळ पुष्कळ ठिकाणीं दुसऱ्यानें ठरविलेली असते.

येथें ‘सगळीं अक्षरें माझीं आहेत’ ह्या युक्तिवादाचें मर्म सांपडतें. कृति म्हणजे अक्षरें नव्हत; कृति म्हणजे निर्णय. हें आधीं करावें, तें नंतर. ही चूक होऊं शकते, म्हणून येथें आधींच अडसर घालावा. हा अपवाद हजारांत एकदांच येईल, पण आला तर सर्व काम कोसळेल, म्हणून त्याची तजवीज करावी. असले शेंकडों निर्णय मूळ लेखकानें घेतलेले असतात, आणि त्यांतील कित्येक चुकून, पस्तावून, पुन्हां लिहून घेतलेले असतात. रूपांतरकाराला ते पिकलेल्या फळासारखे आयते मिळतात. भाच्याला मी विचारलें, “तुझ्या दोन महिन्यांत, हें असं कां केलं असावं, हें समजून घेण्यांत किती दिवस गेले?” तो प्रामाणिक मुलगा आहे. म्हणाला, “बहुतेक सगळे. आणि लिहिण्यापैकीं निम्मं तर यंत्राकडूनच करून घेतलं.”

हें यंत्र म्हणजे कृत्रिम बुद्धीची तीं साधनें, जीं एका भाषेंतील आज्ञावली घटकाभरांत दुसऱ्या भाषेंत उतरवून देतात. त्यांच्यामुळें श्रमाच्या आधारावर उभा राहिलेला हक्क आणखीच डळमळीत झाला आहे. वास्तविक श्रमाचा युक्तिवाद पूर्वींहि अर्धाच खरा होता. दुसऱ्याच्या विहिरीवर मोट हाकणाऱ्यानें पाणी काढण्याचे श्रम केले, म्हणून भिजविलेल्या पिकांत त्याचा वांटा असेल. विहिरीवर त्याचा हक्क चढत नाहीं. आतां तर मोटेच्या जागीं पंप आला आहे. बटण दाबणाऱ्यानें श्रमाचें नांव घेऊन विहीर मागूं नये.

मग आपण भाव्यांच्या मार्गानें जावें, हें बरें नव्हे काय? संगणकाच्या व्यवसायांत हा मार्ग नांवाजलेला आहे. एकानें मूळ वस्तु वाचावी आणि ती काय करते एवढेंच लिहून द्यावें. दुसऱ्यानें, ज्यानें मूळ कधींहि पाहिलेलें नाहीं, त्या वर्णनावरून नवी वस्तु घडवावी. हा मार्ग निर्दोष आहे. परंतु माझ्या भाच्याला तो आतां बंद झाला होता, कारण त्यानें मूळ वाचलें होतें. वाचलेलें विसरतां येत नाहीं. ज्ञानाचा हा विलक्षण धर्म आहे कीं तें परत करतां येत नाहीं. उसनें घेतलेलें भांडें घासून परत देतां येतें. समजलेली गोष्ट परत देण्याची सोय नाहीं. म्हणूनच विद्येचें ऋण फेडण्याच्या रीति निराळ्या आहेत, आणि आपल्या पूर्वजांनीं त्या विचारपूर्वक घालून दिल्या आहेत.

पहिली रीत नांवाची. संतांच्या अभंगांत शेवटच्या चरणांत कर्त्याची नाममुद्रा गुंफलेली असते. पाठांतरानें पसरणाऱ्या वाङ्मयांत नांव मुखपृष्ठावर ठेवून भागत नाहीं. तें गाण्यांतच असावें लागतें. आज्ञावलीच्या प्रत्येक भागाच्या माथ्यावर कर्त्यांचीं नांवें लिहिण्याची चाल मी भाच्याच्या संगणकावर पाहिली, तेव्हां मला ह्या नाममुद्रेचीच आठवण झाली. दुसरी रीत शुद्धतेची. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध केले, आणि ह्यांत यापुढें कोणीं आपली ओंवी घालूं नये अशी ताकीद देऊन ठेवली. आजच्या भाषेंत हा एक परवानाच होय, आणि तो पुष्कळच कडक परवाना होय. ज्यांना रूपांतर करावयाचें होतें त्यांनीं तें स्वतंत्र ग्रंथ म्हणून करावें. मूळांत आपली भर मिसळून तें मूळच आहे असें भासवूं नये. खुद्द ज्ञानेश्वरी हें तरी काय आहे? गीतेला मराठींत आणणारा तो ग्रंथ. पण आपण कोणाच्या मागून चाललों आहोंत, हें ज्ञानेश्वरांनीं स्वतःच सांगून ठेवलें. नव्याण्णव हिस्से स्वतःची प्रतिभा घालणारा मनुष्यहि शंभराव्या हिश्श्याचें ऋण उच्चारतो, तेव्हां त्याची प्रतिभा उणी होत नाहीं.

तिसरी रीत पुढें देण्याची. आणि माझ्या भाच्याचें भांडण नेमकें हिच्याशीं होतें. नांव द्यावयास तो एका पायावर तयार होता. “पण पुढच्यानंही मोकळंच ठेवलं पाहिजे, ही सक्ती कशासाठीं?” तो विचारी. “मी तर मूळ लेखकापेक्षां जास्त मोकळीक देतो आहे. आणि मूळ आहे तिथंच आहे. त्याचं काय गेलं?”

हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि त्याला झटपट उत्तर देणारे लोक त्याचें वजन जाणत नाहींत. दात्याची प्रत्येक अट पवित्र असते असें मी मानीत नाहीं. आपल्या समाजांत विहिरी, पाणवठे आणि देवळें कितीतरी दात्यांनीं बांधलीं, आणि अमुक जातीनें येथें येऊं नये अशी अट त्यांच्यावर कोठें लिहून, कोठें न लिहितां, लादलेली होती. जोतीराव फुले, ज्यांचें मूळ गांव आमच्या सातारा जिल्ह्यांतील कटगुण, त्यांनीं १८६८ सालीं पुण्यास आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. त्यांनीं रूढीची अट मोडली, आणि ती मोडणें हाच धर्म होता. मग परदेशी गृहस्थाच्या अटीपुढें माझ्या भाच्यानें मान कां वांकवावी?

ह्या प्रश्नावर मी पुष्कळ दिवस विचार केला, आणि मला उत्तर सुचलें तें असें. अट कोणीं घातली हें पाहूं नये. अट कोणाला वगळते हें पाहावें. कांहीं अटी हौदाला कुंपण घालतात, आणि कांहीं अटी एवढेंच सांगतात कीं हौदाला कुंपण घालूं नका. पहिल्या प्रकारची अट मोडणारा मनुष्य दार उघडतो. दुसऱ्या प्रकारची अट मोडणारा, स्वतः कुंपण घालीत नसला तरी, कुंपण घालणाराला वाट करून देतो. भाचा म्हणतो त्या जास्त मोकळिकीचा लाभ कोणाला? मधल्या माणसाला, म्हणजे येथें त्या कंपनीला. जो अखेरचा वापरणारा आहे, ज्याच्या हातीं बंद पेटी येणार आहे, त्याची मोकळीक तेवढीच कमी होते. मूळ लेखकाचें कांहीं गेलें नाहीं हें खरें. पण त्यानें जें दिलें होतें तें त्या अखेरच्या अनोळखी माणसासाठीं दिलें होतें. देणगी ज्याच्या नांवची, त्याच्या हातून ती काढून घेऊन मीच अधिक उदार आहें असें म्हणणें हें औदार्य नव्हे.

सैल परवाना देणारे लोक चुकतात, असा ह्याचा अर्थ नाहीं. ज्यानें वस्तु मुळापासून घडविली, त्यानें ती कोणत्याहि अटीवांचून जगाला द्यावी. तो त्याचा मोठेपणा होय. परंतु ज्याला स्वतःला वस्तु अटीसह मिळाली, त्याला दुसऱ्याच्या वतीनें मोठेपणा करण्याचा अधिकार नाहीं. आणि एका गोष्टीचा विसर पडूं नये. १९१४ च्या आपल्या जुन्या कायद्यांत येथें प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या भाषांतराचा एकाधिकार सामान्यतः दहाच वर्षें राही. त्या मुदतींत कर्त्यानें एखाद्या भाषेंत भाषांतर प्रसिद्ध केलें नाहीं, तर त्या भाषेला तो ग्रंथ मोकळा होई. अनेक भाषांच्या देशांत विद्या अडून राहूं नये, ही त्यामागची सोय होती. तेव्हां भाषांतराच्या हक्काला मर्यादा असावी हें मला सर्वथा मान्य आहे. परंतु ज्याला ग्रंथ मिळत नाहीं त्याच्यासाठीं ती मर्यादा. माझ्या भाच्याला तर रूपांतराची परवानगी न मागतांच मिळालेली होती. त्याची तक्रार दार बंद असल्याची नव्हती. आंत आल्यावर दार आपल्यामागें उघडें ठेवावें लागतें, ही होती.

आतां त्या वाक्याची गोष्ट. पस्तीस वर्षांपूर्वीं मी एका गांवीं शिक्षक असतांना शाळेच्या स्नेहसंमेलनासाठीं मला नाटिका हवी होती. सीमेपलीकडून आलेले एक कानडीभाषक शिक्षक माझे सहकारी होते. त्यांनीं त्यांच्या एका मित्राची कानडी नाटिका मला संध्याकाळीं बसून प्रवेशामागून प्रवेश तोंडीं समजावून दिली, आणि मी ती मराठींत लिहिली. तिला जिल्ह्यांत बक्षीस मिळालें, मग ती लहानशा पुस्तिकेच्या रूपानें छापली गेली, आणि मुखपृष्ठावर नांव आलें तें एकट्या माझें. मूळ लेखकाचें नांव घालावें असें मनांत आलें नव्हतें असें नाहीं. परंतु मीं स्वतःला समजावलें कीं शब्द तर सगळे माझेच आहेत. पुस्तिकेची प्रत सहकाऱ्यांना दिली, तेव्हां त्यांनीं ती चाळून पाहिली, क्षणभर मुखपृष्ठावर बोट ठेवलें, आणि म्हणाले, “बरोबर आहे सर. अक्षरं सगळी तुमचीच आहेत.” त्या स्वरांत उपहास असता तर मीं भांडून मन मोकळें केलें असतें. उपहास नव्हता. त्यानंतर त्यांनीं मला दुसरी कोणतीहि गोष्ट सांगितली नाहीं.

ह्यांत माझ्यावर कोणीं दावा लावला नाहीं, मूळ लेखकाचा एक पैसाहि बुडाला नाहीं, आणि त्याची नाटिका जेथें होती तेथेंच राहिली. मग नुकसान झालें तें कशाचें? माझ्या मतें एका झऱ्याचें. ज्या विश्वासानें एक मनुष्य दुसऱ्याजवळ बसून आपल्याजवळचें उकलून दाखवितो, तो विश्वास आटला. मोफत दिलेल्या विद्येचें सारें जग ह्या एकाच झऱ्यावर चालतें. कायदा तेथें पोहोंचतो तो झरा आटल्यानंतर पंचनामा करण्यापुरता.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं हें सर्व मीं भाच्याला सांगितलें आणि एवढेंच सुचविलें कीं, त्यानें मूळ लेखकाला सरळ पत्र लिहून विचारावें. परवाना देणाराला परवाना बदलण्याचाहि अधिकार असतो. लपवाछपवी करण्यापूर्वीं विचारून पाहणें हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. आठवड्यानें उत्तर आलें. त्या गृहस्थांनीं काम फार आपुलकीनें वाचलें होतें, दोन चुकाहि दाखविल्या होत्या. स्वतःपुरती त्यांची हरकत नव्हती. परंतु ज्या साहाय्यकांनीं वर्षानुवर्षें भर घातली त्यांच्या भागावर हक्क त्यांचा, त्यांतील दोघांचा ठावठिकाणा लागत नाहीं, आणि त्यांच्या वतीनें आपण होकार देऊं शकत नाहीं, असें त्यांनीं लिहिलें होतें. ज्यानें आरंभ केला तोहि आपल्यामागून आलेल्या अनोळखी माणसाच्या शब्दापुढें थांबतो, हें वाचून मला संकोचल्यासारखें झालें.

भाच्यानें आपलें रूपांतर जीपीएलखालींच प्रसिद्ध केलें. माथ्यावर मूळ कर्त्यांचीं सर्व नांवें आहेत, त्यांखालीं त्याचें आहे, आणि कोणता भाग यंत्राकडून उतरवून घेतला तेंहि त्यानें नमूद केलें आहे. कंपनीकडून त्याला पुढें पत्र आलें नाहीं. हा लेख लिहीत असतांना तो दुसरीकडे अर्ज करीत आहे. बहीण मजवर अद्याप थोडी रुष्ट आहे, आणि तिचें चुकतें असें मला म्हणवत नाहीं. तत्त्वाची किंमत मामानें सांगितली आणि ती भरली भाच्यानें, हा तिचा हिशेब बिनचूक आहे.

माझ्याकडे माझ्या त्या पुस्तिकेच्या अकरा प्रती उरल्या होत्या. सहकारी आतां हयात नाहींत. त्यांच्या मुलाकडून मीं मूळ नाटिकाकाराचें नांव विचारून घेतलें, आणि प्रत्येक प्रतीच्या मुखपृष्ठावर माझ्या नांवाच्या वर तें शाईनें लिहिलें. इतर प्रती कोठें गेल्या असतील त्यांना माझी शाई पोहोंचणार नाहीं.